स्तोत्र ६७ : ‘भूमीने पीक दिलं’ की ‘देवो’?

खानापूर_मंडळी :
भाताची मळणी उरकली की आमच्याकडे सुगीची उपकारस्तुती असते. यंदा पाठ बायबलमधलं स्तोत्र ६७ आहे. मंडळीत मराठीही आहेत, कन्नडही. तीन गोष्टी अडल्यात.
१) सहाव्या वचनात ‘भूमीने पीक दिलं आहे’ म्हणायचं की ‘भूमी पीक देवो’? दोन्ही वाचायला मिळतं. पीक घरात आल्यावर ‘देवो’ म्हणणं विचित्र वाटतं.
२) पहिल्या वचनातला देवाचा ‘मुखप्रकाश’ म्हणजे नेमकं काय? रविवारच्या शाळेतली पोरं डोक्यामागे तेजोवलय काढून मोकळी होतात.
३) हे स्तोत्र सात फांद्यांच्या दिव्याच्या आकारात छापलेलं पाहिलंय. मराठीत तसं छापता येईल का?

इब्री_व्याकरण :
पहिल्याचं उत्तर : ‘दिलं’. मूळ इब्री (हिब्रू) शब्द ‘नातना’, आणि ते पूर्ण झालेल्या क्रियेचं रूप आहे. काही अभ्यासक अशा रूपाला प्रार्थनेत इच्छार्थी मानतात, म्हणून ‘देवो’ही भेटतं, पण साधा अर्थ लागत असताना तिकडे वळायची गरज नाही.

पहिलं वचन मात्र नक्की मागणंच आहे. ‘प्रकाश पाडो’साठी तिथे ‘याएर’ आहे. साधं विधान असतं तर ‘याईर’ आलं असतं. एका स्वराचा फरक, पण आपल्या ‘पाडतो’ आणि ‘पाडो’मध्ये जेवढा आहे तेवढाच. शेवटच्या दोन वचनांतलं ‘आशीर्वाद’चं रूप दोन्हीकडे झुकतं : देतो, देईल, देवो. म्हणून ‘भूमीने पीक दिलं, देव, आमचा देव, आम्हांला आशीर्वाद देवो’ असं वाचलं तर काही चुकत नाही. पीक हातात आहे, मागणं पुढचं आहे.

भाषांतरात एक गोष्ट हरवते, ती पोरांना जरूर दाखवा. ‘एरेत्स’ हा एकच शब्द या स्तोत्रात चार वेळा येतो. मराठीत तो एकदा ‘पृथ्वी’ होतो, एकदा ‘भूमी’. इब्री कानाला दुसऱ्या वचनातली पृथ्वी, जिथे देवाचा मार्ग कळावा, आणि सहाव्यातली पीक देणारी जमीन एकच ऐकू येते.

निपाणी_वाचक :
मुखप्रकाशाबद्दल. तेजोवलय नाही हो. आपण ‘तोंड फिरवलं’ म्हणतो ना, त्याच्या उलट. देवाने तोंड लपवणं म्हणजे कृपा आटणं, हे स्तोत्रांत बऱ्याच ठिकाणी आहे (१३ आणि ४४ पाहा). चेहरा उजळणं म्हणजे देणाऱ्याने आपल्याकडे प्रसन्न होऊन पाहणं.

शेतकऱ्यांना सांगायचं तर नीतिसूत्रे १६:१५ काढा : राजाच्या मुखाच्या प्रकाशात जीवन आहे, आणि त्याची मर्जी वळवाच्या ढगासारखी आहे. तिथला शब्द ‘मल्कोश’. तो पाऊस तिकडे वसंतात, कापणीच्या आधी येतो आणि दाणा भरतो. तिकडचं पीक हिवाळी पावसावरचं, पेरणी ‘योरे’ नावाच्या पहिल्या पावसावर. आपल्याकडे तो मान भात निसवायच्या वेळी येणाऱ्या पावसाला. पोटरीत असताना तो हुकला की लोंब्या पोचट राहतात, हे खानापुरात कुणाला समजावायला नको. चेहऱ्याचा प्रकाश आणि भूमीचं पीक या स्तोत्रात एकत्र का आले, ते यातून उलगडतं. ‘भूमी आपलं पीक देईल’ हे शब्दही लेवीय २६:४ मधल्या वेळेवरच्या पावसाच्या वचनातले आहेत.

आणि पहिलं वचन गणना ६:२४-२६ मधल्या याजकांच्या आशीर्वादावरून घेतलंय. तिथे याजक लोकांना म्हणतो, ‘तुला’. इथे लोक स्वतः मागतात, ‘आम्हांला’. शिवाय तिथलं ‘तुझ्यावर’ इथे ‘इत्तानू’ होतं, शब्दशः ‘आमच्यासोबत’. हा बदल मला सगळ्यात आवडतो. प्रकाश अंगावर पाडून देव निघून जात नाही.

इब्री_व्याकरण :
दिव्याचं. मथळा सोडून इब्रीत सात वचनं, शब्द असे : ७, ६, ६, ११, ६, ६, ७. एकूण ४९. यात दोन वेळा आलेलं ‘सेला’ (बहुधा गाताना थांबायची खूण) धरलंय. ते गाळलं तर ४७ भरतात आणि हिशेब फसतो. मधलं ११ शब्दांचं वचन म्हणजे दिव्याचा दांडा, दोन्ही बाजूंना तीन-तीन फांद्या. वल्हांडणापासून सप्ताहांच्या सणापर्यंत ज्यू लोक ४९ दिवस मोजतात, सातू ते गहू असा कापणीचा काळ, आणि त्या मोजणीनंतर हे स्तोत्र म्हणायची रीत आहे.

मराठीत शब्दसंख्या जुळणार नाही, ओढूनताणून जुळवूही नका. सात ओळी सात फांद्यांवर लिहा, चौथी मधोमध उभी. तेवढं पुरे.

बेळगाव_कॅथलिक :
एक सावधगिरी. इब्रीत मथळ्यालाच पहिलं वचन धरतात, त्यामुळे तुमचं ६ तिकडे ७ होतं. जुन्या लॅटिन क्रमात तर अख्खं स्तोत्रच ६६ आहे. पत्रिकेत नुसता आकडा छापलात तर दोघं दोन पानं उघडतील. सुरुवातीचे शब्दही द्या. आमच्याकडे १ जानेवारीला हेच प्रतिसाद-स्तोत्र, आणि पहिलं वाचन गणना ६. जोडी आयतीच आहे.

खानापूर_मंडळी :
छान. मग वाचायचं कसं? ‘सेला’ म्हणायचं का?

निपाणी_वाचक :
‘सेला’ मोठ्याने वाचू नका, तिथे दोन श्वास थांबा. ते पहिल्या आणि चौथ्या वचनाच्या शेवटी आहे. १, २ आणि ४ एकाने वाचावं. चौथं सावकाश, कारण न्याय आणि वाट दाखवणं दोन्ही तिथे आहे. तिसरं आणि पाचवं शब्दाशब्दाने एकच आहे : सगळे लोक तुझं स्तवन करोत. ते मंडळीने म्हणायचं. दोन भाषांत एकदम म्हणू नका, लय जुळत नाही आणि नुसता गलका होतो. तिसरं मराठीत घ्या, पाचवं कन्नडमध्ये. वाक्य तेच असल्याने कुणाला अर्थ सांगावा लागणार नाही.