मिळकत वाढली, तरी महिनाअखेर ओढाताण का?

उद्यमबागकर
स्वस्ताई गेली असं आमच्या बेळगावात जो तो म्हणतो. मला वाटतं, भाव किती चढले याहीपेक्षा आपली मिळकत भावाला बांधलेली आहे का, हे आधी विचारायला हवं. देशाचा ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे घरखर्चाच्या वस्तूंच्या भावाचं माप, २०१२ साली १०० धरला होता, २०२५च्या अखेरीस तो १९७च्या आसपास होता. म्हणजे तेव्हा शंभरात येणाऱ्या बाजाराला आता जवळजवळ दोनशे लागतात. केंद्राच्या नोकराला झळ कमी लागते, कारण त्याचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकावर चालतो. (त्यासाठी ज्या गावांतून भाव गोळा करतात, त्यांत आपलं बेळगावही आहे.) कर्नाटक राज्याच्या नोकरांना १ ऑगस्ट २०२४ पासून सातवा वेतन आयोग लागला, किमान मूळ पगार १७,००० वरून २७,००० झाला. त्यांचं चांगलं झालं, मला आनंदच आहे. पण छोट्या वर्कशॉपात दिवसभर लेथवर उभ्या असलेल्या पोराचं काय? त्याची वाढ मालकाच्या मर्जीवर. रविवार पेठेत तांदूळ मात्र दोघांना एकाच भावानं मिळतो.

खानापूरकर
पटत नाही. कर्नाटकात रोजगार हमीची मजुरी २०१२-१३ साली १५५ रुपये होती, २०२५-२६ साली ३७०. भाव दुप्पट होईपर्यंत मजुरी दुपटीच्या पुढं गेली. हा तर सगळ्यात खालच्या पायरीवरचा माणूस! वर राज्याच्या गृहलक्ष्मी योजनेतून घरच्या बाईला महिना २००० आणि बायकांना बस फुकट. १९९५ साली मोबाइल आला तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत मोजावे लागत. आज आमच्या गावात शेतमजूर मुंबईतल्या पोराशी रोज बोलतो. जुन्या दिवसांत वस्तू स्वस्त होत्या खऱ्या, पण त्या घ्यायला हातात पैसा नव्हता.

उद्यमबागकर
दादा, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. रोजगार हमीची मजुरी २०११ पासून शेतमजुरांच्या निर्देशांकाला जोडली गेली, म्हणून ती दरवर्षी सरकली. आणि तीही तेव्हा वर्षाला शंभरच दिवसांच्या हमीची होती. जिथं दोरी बांधली तिथं माणूस टिकला, एवढंच मी म्हणतोय.

चिकोडीचा ऊसवाला
उसाचं पण ऐका. आमचा दर दिल्लीला ठरतो. २०१३-१४ ला एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, टनाला २१०० होती, २०२५-२६ ला ३५५०. वरवर बघणारा म्हणतो, शेतकऱ्याची चांदी झाली. पण तेव्हाचा दर साडेनऊ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेला) होता, आताचा सव्वादहाला. सव्वादहानं मोजलं तर तेव्हाचेच २२६६ होतात. म्हणजे खरी वाढ साधारण ५७ टक्के. त्याच काळात निर्देशांक ११२ वरून १९७कडं गेला, साधारण ७५ टक्के चढला. मग ऊसकरी पुढं गेला की मागं पडला, तुम्हीच सांगा. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुर्लापूरला शेतकरी रस्त्यावर बसले ते याच्यासाठीच. तोडणी-वाहतूक सोडून हातात ३५०० मागितले, सरकारनं ३३०० जाहीर केले.

निपाणीची लेक
खानापूरच्या दादांना माझं एवढंच विचारणं आहे, ठरलेली रक्कम किती वर्षं पुरते? माझ्या आईनं उभा जन्म विड्या वळल्या. हजार विड्यांमागं मजुरी, पानं खराब आली की तोटा तिचाच. आता तिला प्रॉव्हिडंट फंडाची पेन्शन येते, महिना १०००. सप्टेंबर २०१४ मध्ये सरकारनं हा किमान आकडा ठरवला, तो अजून तिथंच आहे. तेव्हाच्या हजारात जे यायचं, त्याला आज सोळाशेच्या वर लागतात. कुणी तिच्या पेन्शनीतून एक रुपया कापला नाही, तरी दरवर्षी ती कमी होत गेली. म्हातारीनं जाब विचारायचा कुणाला?
गृहलक्ष्मीचे २००० घरात येतात, त्याचा आधार आहेच. पण ते सुरू झाले ऑगस्ट २०२३ ला, आकडा तोच. मधल्या काळात, जानेवारी २०२५ पासून बसभाडं १५ टक्के वाढलं. मला तिकीट नाही, भावाला आहे. एप्रिल २०२५ ला नंदिनीचं दूध लिटरला चार रुपयांनी वाढलं. गृहलक्ष्मीची रक्कम निर्देशांकाला बांधली नाही तर हिचीही गत आईच्या हजारासारखीच होणार.

खानापूरकर
ताई, पेन्शनीचं शंभर टक्के मान्य. तिथं वाद घालणार नाही. पण बाकीच्यांची ओढाताण भावापेक्षा नव्या खर्चामुळं आहे. गावात सरकारी मराठी शाळा आहे, फी नाही, दुपारचं जेवण आहे. तरी पोरं इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये. पट घटतोय तो आपणच घटवलाय. तो खर्च महागाईच्या खात्यावर कशाला?

उद्यमबागकर
२०१२च्या निर्देशांकात शिक्षणाचा वाटा साडेचार टक्क्यांहून कमी, आरोग्याचा सहाच्या आत. दोन पोरं शिकणाऱ्या आणि एक आजारी म्हातारं असलेल्या घराचा हिशेब त्यात बसेल? त्या घराची महागाई कागदावरच्या आकड्यापेक्षा मोठीच असते. ती मोजलीच नाही, तर पगार तिला बांधणार कसा?

निपाणीची लेक
आणि दादा, शाळेचं म्हणाल तर मी स्वतः मराठी शाळेत शिकले, अभिमान आहे. पण नोकरीच्या अर्जाला इथं कन्नड लागतं, कारखान्यात इंग्रजी. माझी पोरगी दोन्हीत मागं पडू नये म्हणून मी फी भरते. त्याला हौस म्हणू नका.