मदत हवी आहे: लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायची आहे

नमस्कार. माझा लॅपटॉप इंटेलच्या आठव्या पिढीचा आहे. रॅम ८ जीबी, आत १ टीबीची २.५ इंची हार्ड डिस्क (५४०० आरपीएम), विंडोज १०. अलीकडे तो फारच संथ झालाय. डेस्कटॉप दिसतो, पण त्यानंतर बराच वेळ काहीच उघडत नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के, प्रोसेसर मात्र मोकळाच. बाकी लॅपटॉप चांगला आहे, म्हणून नवा घेण्यापेक्षा एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) बसवायचं ठरवलंय.

खालचं झाकण उघडून पाहिलं, तर आत एम.२ चा (पट्टीसारख्या एसएसडीसाठीचा) एक रिकामा स्लॉट आहे. त्यात एनव्हीएमई (जास्त वेगाच्या जोडणीची) चालेल की साटाच (जुन्या जोडणीची) घ्यावी लागेल, हे कसं ओळखायचं? ५०० जीबीची घेतली तर सध्याची सिस्टीम जशीच्या तशी क्लोन होईल का? डेटा साधारण ३८० जीबी आहे. आणि जुनी डिस्क साठवणीसाठी आतच राहू दिली तर चालेल का?

त्या डिस्कवर माझ्या प्रबंधाची टिपणं आहेत आणि आईच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज आहेत. काहींच्या प्रती दुसरीकडे आहेत, सगळ्यांच्या नाहीत. त्यामुळे घाई करायची नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

स्लॉटच्या खाचेवरून नक्की कळत नाही. साधारणपणे दोन खाचांची एम.२ एसएसडी साटा असते आणि एका खाचेची एनव्हीएमई, पण एनव्हीएमईसारखी खाच असलेले काही स्लॉट फक्त साटाच चालवतात. तुमच्या नेमक्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल निर्मात्याच्या साइटवर असतं, त्यात स्टोरेजचं पान बघा. लांबीही तिथेच कळेल. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. काही लॅपटॉपांत २२४२ एवढीच जागा असते.

वेगाच्या आकड्यांमागे लागू नका. साटा सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जाते, जेन ३ ची एनव्हीएमई ३५०० च्या आसपास. पण तुमचा लॅपटॉप अडतोय तो बारीकसारीक फायली शोधताना डिस्कचा हात इकडून तिकडे फिरतो म्हणून. ती अडचण दोन्ही प्रकारांत संपते.

प्रतिसाद

एसएसडी मागवण्याआधी एक करा. क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून जुन्या डिस्कची तब्येत बघा. १०० टक्के वापर दरवेळी नुसत्या संथपणामुळे नसतो. वाचता न येणारा भाग डिस्क पुन्हा पुन्हा वाचायला जाते, तेव्हाही असंच दिसतं.

धागाकर्ती

मॅन्युअल मिळालं. स्लॉट दोन्ही प्रकार घेतो, लांबी २२८०. पण क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळा रंग दाखवतंय, ‘कॉशन’. ०५ (खराब म्हणून बदललेल्या जागा) समोर शून्य आहे, सी५ समोर मात्र शून्य नाही. हे कितपत गंभीर आहे?

प्रतिसाद

गंभीर आहे. आता एसएसडीचा विषय दोन दिवस मागे ठेवा. सी५ म्हणजे डिस्कला जे सेक्टर (डिस्कवरचे छोटे भाग) वाचता आले नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही, ते. (तिथला आकडा मुळात हेक्समध्ये, १६ पाया असलेल्या अंकपद्धतीत असतो, म्हणजे १० दिसले तर ते १६ समजायचे.) अशी डिस्क वर्षभर टिकेल किंवा उद्या बंद पडेल, कोणीच सांगू शकत नाही. म्हणून तिच्याकडून जेवढं कमी काम करून घ्याल तेवढं बरं.

चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) चालवू नका, विशेषतः ‘आर’ (खराब सेक्टर शोधण्याचा पर्याय) लावून तर नाहीच. डीफ्रॅग नको. अँटीव्हायरसचा पूर्ण स्कॅनही नको. हे सगळे प्रकार डिस्कला कोपरान् कोपरा वाचायला लावतात, आणि चेकडिस्क तर वर दुरुस्तीही करायला जाते. थेट क्लोनही आत्ता नको. क्लोन करणारी बरीच सॉफ्टवेअर खराब सेक्टर आला की थांबतात, आणि तोवर बिनमहत्त्वाच्या विंडोजच्या फायली वाचण्यात डिस्कचा जीव गेलेला असतो.

आधी लॅपटॉप पूर्ण बंद करा. शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं. मग पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स (इन्स्टॉल न करता चालणारं) चालू करा आणि जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती, रीड-ओन्ली, माउंट करा, म्हणजे जोडा. सर्वांत आधी आईची रेकॉर्डिंग्ज बाहेरच्या डिस्कवर घ्या, मग प्रबंध, मग बाकीचं. जे पुन्हा कुठूनही मिळणार नाही ते पहिलं. एखादी फाइल अडली तर तिच्याशी झगडत बसू नका, पुढे जा.

हे झाल्यावर उरलेल्यासाठी डीडीरेस्क्यू (बिघडलेल्या डिस्कवरून डेटा उचलणारं लिनक्समधलं साधन) वापरा. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळतं. कुठवर आलो याची नोंद मॅपफाइलमध्ये ठेवतं, म्हणून मध्येच थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करता येतं. पूर्ण इमेज (अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत) घ्यायची तर बाहेरच्या डिस्कवर १ टीबीहून जास्त मोकळी जागा हवी, डेटा ३८० जीबी असला तरी.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधीच लिहून घ्या, ४८ अंकी असते. बहुधा ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. तिच्याशिवाय लिनक्समधून आतलं काही दिसणार नाही.

जुनी डिस्क साठवणीसाठी ठेवायचा विचार मात्र सोडून द्या.

प्रतिसाद

वरच्याशी पूर्ण सहमत. क्लोनऐवजी नवीनच इन्स्टॉल करा. खराब डिस्कवरून क्लोन केलं तर बिघडलेल्या सिस्टीम फायलीही सोबत येतील. तसंही क्लोनझिला (क्लोन करणारं एक सॉफ्टवेअर) मुळात लहान डिस्कवर क्लोन करू देत नाही, १ टीबीवरून ५०० वर जायचं तर आधी पार्टिशन आकसावं लागतं, आणि ते काम या डिस्कवर करूच नये. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आठव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालतो, तर थेट तेच टाका. डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, डिस्क बदलल्याने तो जात नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रेकॉर्डिंग्ज सगळी निघाली, प्रत्येक उघडून शेवटपर्यंत ऐकली. प्रबंधही आला. डीडीरेस्क्यूला काही भाग वाचता आला नाही, पण माझ्या फोल्डरांतलं काही गेलेलं दिसत नाही. आता दोन प्रती आहेत, दोन वेगळ्या डिस्कवर.

५०० जीबीची एनव्हीएमई बसवली. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये) ती दिसते, पण विंडोज ११ च्या इन्स्टॉलमध्ये डिस्कच्या यादीत फक्त जुनी हार्ड डिस्क येते. एसएसडी खराब आली असेल का?

प्रतिसाद

बायोसमध्ये दिसते म्हणजे बहुधा ठीक आहे. बायोसमध्ये साटा मोड बघा. तिथे इंटेल आरएसटी किंवा ऑप्टेन (डिस्क हाताळण्याच्या इंटेलच्या खास पद्धती) असेल तर त्याचा ड्रायव्हर नसल्यामुळे इन्स्टॉलरला एनव्हीएमई दिसत नाही. मोड एएचसीआय (नेहमीची पद्धत) करा. जुनं विंडोज चालवायचं असतं तर हा बदल असा थेट करू नका म्हटलं असतं, कारण मग ते निळा पडदा दाखवून अडतं. तुम्ही नव्याने टाकताय, तेव्हा प्रश्न नाही. बायोसमध्ये तो पर्यायच नसेल तर आरएसटीचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’मधून द्या.

आणि इन्स्टॉल करण्याआधी जुनी डिस्क बाहेर काढा. ती आत असली तर विंडोज कधी कधी बूटचं पार्टिशन तिच्यावरच ठेवतं. नंतर ती काढली की लॅपटॉप चालूच होत नाही. झाकण उघडल्यावर आधी बॅटरीची जोडणी सोडवा, मग डिस्कची केबल.

धागाकर्ती

आरएसटीच होतं. एएचसीआय केलं, जुनी डिस्क काढली, आता यादीत एकटी एसएसडी दिसतेय. इन्स्टॉल सुरू केलंय.