मदत हवी आहे : प्रेशेरेनच्या जन्मघरावरचा जुना स्लोव्हेनियन लघुपट

मंडळी, मालगुंडला केशवसुतांचं घर पाहून आल्यापासून कवींच्या घरांचा नाद लागलाय. सध्या मन अडकलंय स्लोव्हेनियात. तिथला राष्ट्रकवी फ्रान्त्से प्रेशेरेन १८०० साली वर्बा नावाच्या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरात जन्मला. वर्बा म्हणजे वाळुंजाचं झाड. (आपल्याकडेही वाळुंज गावं आहेतच की!) कायदा शिकायला व्हिएन्नाला गेलेल्या या माणसानं पुढे याच गावाला हाक मारत सुनीत लिहिलं. घरातली धुरानं काळी झालेली चुलीची खोली फोटोत पाहिली आणि आजोळच आठवलं. फिन्झगार या लेखक-पाद्र्याच्या खटपटीनं, शाळकरी पोरांच्या वर्गणीतून घर विकत घेतलं गेलं आणि १९३९ मध्ये संग्रहालय झालं.

या घरावरचा सुरुवातीच्या काळातला कृष्णधवल लघुपट आमच्या छोट्या फिल्म क्लबात दाखवायचाय. ल्युब्लियानात, म्हणजे स्लोव्हेनियाच्या राजधानीत, कुणी राहतं का? तिथल्या फिल्म संग्रहाकडून प्रत मागायची तर पत्र इंग्रजीत चालेल का? आणि लघुपटातल्या निवेदनाचं मराठी करून देणारं कुणी आहे का? ८ फेब्रुवारीला, त्याच्या स्मृतिदिनी, दाखवावा म्हणतोय. तिकडे त्या दिवशी चक्क सरकारी सुट्टी असते! मानधन जमणार नाही, चहा-भजी नक्की.