एकाच कॉलमातला पत्ता इम्पोर्ट करताना गाव, तालुका, पिन वेगळे कसे काढू?

रापण: आमच्या देवळाच्या महाजनांची यादी एक्सेलमधे आहे, साडेचारशे ओळी असतील, ती मायएसक्यूएल डेटाबेसमधे घ्यायचीय, चवथीआधी पत्रं टपालात पडायला हवीत म्हणून घाई. आधी ज्याने टायपिंग केलं त्याने अख्खा पत्ता एकाच सेलमधे अर्धविराम देऊन कोंबलाय,

घर नं. 45/ए;खोर्ली;म्हापसा;बार्देश;403507

टेक्स्ट टू कॉलम्स करून बघितलं, पण काही पत्त्यांत मधेच 'पिंपळापाशी' वगैरे घुसलंय, त्या ओळी एक घर सरकल्या आणि तालुक्यात म्हापसा येऊन बसलं. हाताने निस्तरायचं तर पुढची चवथ उजाडेल.

मानकुराद: डावीकडून मोजताय म्हणून घोळ होतोय. सुरवात कशीही असो, शेवटी पिन, त्याआधी तालुका, त्याआधी गाव हे ठरलेलं आहे ना, मग उजवीकडून मोजा. फाईल सीएसव्ही (साधा मजकूर, स्वल्पविरामांनी तोडलेला) करून मायएसक्यूएलची लोड डेटा इनफाइल ही कमांड चालवा, पत्ता थेट कॉलमात न घेता @पत्ता या व्हेरिएबलमधे घ्या आणि खाली सेटमधे

पिन = सबस्ट्रिंग_इंडेक्स(@पत्ता, ';', -1)
तालुका = सबस्ट्रिंग_इंडेक्स(सबस्ट्रिंग_इंडेक्स(@पत्ता, ';', -2), ';', 1)

उणे आकडा म्हणजे उजवीकडून तितके तुकडे, 1 म्हणजे त्यातला डावीकडचा पहिला. गावाला -2 च्या जागी -3. कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ8एमबी4 द्या, नाहीतर खोर्लीचं काय होईल ते वाचवणार नाही.

रापण: तालुके एकदम बरोबर आले! पण पिन = '403507' टाकून शोधलं तर एकही ओळ येत नाही, डोळ्यांना तर नीट दिसतोय??

कुळागर: पिनची कॅर_लेंग्थ, म्हणजे अक्षरं किती ते, काढून बघा बाब, 6 च्या जागी 7 येईल. विंडोजच्या फाईलीत ओळ संपताना लाइन फीडच्या आधी कॅरेज रिटर्न असतो, दोन्ही डोळ्यांना न दिसणारी चिन्हं, तुमचा पत्ता शेवटच्या कॉलमात असणार, म्हणून तो पिनला चिकटला. नुसत्या ट्रिमने जात नाही, ट्रिम फक्त स्पेस काढतो. लाइन्स टर्मिनेटेड बाय मधे दोन्ही द्या आणि परत लोड करा.

आणि एक, ज्या ओळीत अर्धविरामच नाहीत तिथे सबस्ट्रिंग_इंडेक्स एरर देत नाही, गुपचूप अख्खा पत्ता परत देतं. मी यात एकदा सपशेल फसलोय. पत्त्याच्या लांबीतून रिप्लेसने अर्धविराम काढून टाकलेल्या पत्त्याची लांबी वजा करा, म्हणजे अर्धविराम किती ते कळेल, तीनपेक्षा कमी आले त्या ओळी बाजूला काढा.

रापण: 7 च आला होता 😄 आता पिन सापडतात. बाजूला 11 ओळी निघाल्या, त्यातल्या एकीत पत्ता म्हणून फक्त 'भटजींच्या शेजारी' एवढंच आहे. संध्याकाळी भटजींकडेच जातो. देव बरें करूं दोघांचंय.