लेबलावर कुंचल्याचे अक्षर हवे आहे: कोणता फॉन्ट घ्यावा?

नौपाड्याची सुगरण:
नमस्कार. ठाण्यात नौपाड्यामध्ये आम्ही दोघी जावा घरगुती फराळाचा लहानसा व्यवसाय करतो. डब्यांच्या लेबलांवरील नावे कुंचल्याने सहज लिहिल्यासारखी, किंचित तिरकी आणि मोकळी दिसावीत, अशी इच्छा आहे. एक इंग्रजी ब्रश फॉन्ट आवडला, परंतु त्यात मराठी टाइप करताच अक्षरे संगणकाच्या नेहमीच्याच वळणात उमटली. देवनागरीचा दुसरा फॉन्ट घेतला, तर 'खाऱ्या शंकरपाळ्या'चे 'खार्या शंकरपाळ्या' झाले. कोणता फॉन्ट घ्यावा, आणि संपूर्ण लेबल त्यातच लिहावे का?

बोरूबहाद्दर, वाशी:
त्या इंग्रजी फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरेच नसणार, म्हणून संगणकाने स्वतःजवळचा दुसरा फॉन्ट वापरला. 'खार्या'चा दोष मात्र फॉन्टच्या माथी मारण्यापूर्वी टायपिंग तपासावे. साध्या 'र'चा पाय मोडून 'य' जोडला की रफार येतो. खाली टिंब असलेला 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडला, तर 'ऱ्या' मिळते. तरीही रफारच आला, तर तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही.

आता वळणाविषयी. रॉबर्ट स्मिथ यांनी १९४२ मध्ये अमेरिकन टाइप फाउंडर्स या छपाईचे टाइप बनवणाऱ्या कंपनीसाठी रेखाटलेल्या 'ब्रश स्क्रिप्ट' या इंग्रजी फॉन्टमध्ये लहान अक्षरे तळाशी एकमेकांना जोडली जातात. आपल्याकडे हेच जोडकाम शिरोरेघेवर होते, आणि देवनागरी ब्रश फॉन्टची खरी परीक्षा तिथेच असते. ती रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ ठेवली तर कुंचल्याचा सारा आव फुकट जातो, आणि तिची टोके खडबडीत ठेवली तर प्रत्येक सांध्यात फट दिसते. 'कलम' हा फॉन्ट हस्ताक्षरासारखा तिरका आहे, पण त्याचे वळण फेल्ट पेनचे आहे. 'यात्रा वन' मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे. देखणा, तरी तुम्हाला हव्या त्या अर्थाने मोकळा नाही. दोन्ही मुक्त परवान्याचे असल्यामुळे व्यवसायासाठी विनामूल्य वापरता येतात.

ऐरोलीकर:
घटक पदार्थ, वजन आणि परवाना क्रमांक कृपया साध्या, सरळ फॉन्टमध्येच द्यावेत. 'मुक्ता' पुरेसा आहे. तपकिरी क्राफ्ट कागदावर शाई पसरते आणि बारीक ब्रश अक्षरांच्या गाठी भरून जातात. छपाईला फाइल देताना अक्षरांचे कर्व्हमध्ये, म्हणजे रेषांच्या चित्रात, रूपांतर करावे, म्हणजे तिकडच्या संगणकात फॉन्ट नसला तरी बिघडत नाही.

पाटीरंग, ठाणे:
माझे मत थोडे वेगळे आहे. 'खाऱ्या शंकरपाळ्या' या दोन शब्दांत काना चार वेळा येतो आणि साध्या फॉन्टमध्ये चारही काने तंतोतंत एकसारखे उमटतात. माणसाचा हात तसे कधीच लिहीत नाही, आणि मोठ्या अक्षरांत हे सोंग लगेच उघडे पडते. पर्यायी अक्षररूपे, म्हणजे एकाच अक्षराची दोन-तीन वेगवेगळी वळणे, असलेला फॉन्ट ही अडचण कमी करतो. तथापि नावे सात-आठच असतील, तर चपट्या कुंचल्याने काळ्या शाईत प्रत्येक नाव दहा वेळा लिहावे, त्यातील चांगले निवडून स्कॅन करावे आणि कोरलड्रॉ या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस करून, म्हणजे त्याच्या कडा रेषांत उतरवून, घ्यावे.

नौपाड्याची सुगरण:
आभारी आहे. 'ऱ' सापडला, चूक आमच्या टायपिंगचीच होती. नावे आता धाकट्या जाऊबाई लिहीत आहेत, 'मेतकूट' पहिल्याच प्रयत्नात साधले, 'कडबोळी'तला 'ळ' अजून वळत नाही.