शब्दचर्चा : ‘पर्मालिंक’ म्हणजे ‘कायमचा दुवा’च का?

विचारणा

मास्टोडॉनशी, म्हणजे अनेक स्वतंत्र सर्व्हर मिळून चालणाऱ्या समाजमाध्यमाशी, जोडून घेणाऱ्या एका अ‍ॅपचं मराठीकरण करते आहे. ‘पर्मालिंक’साठी, म्हणजे एकेका पोस्टच्या न बदलणाऱ्या वेबपत्त्यासाठी, ‘कायमचा दुवा’ लिहिलं आणि तिथेच अडले. एकच पोस्ट माझ्या सर्व्हरवर एका पत्त्यावर दिसते, मैत्रिणीच्या सर्व्हरवर दुसऱ्या आणि जिने ती लिहिली तिच्या सर्व्हरवर तिसऱ्याच. तिन्हींना ‘कायमचा दुवा’ म्हणायचं का? ‘शेअर’चंही तसंच, एकच शब्द दोन वेगळ्या बटणांवर आला आहे.

प्रतिसाद

‘शाश्वत दुवा’ वाचनात आला आहे, पण बटणावर तो फार भारदस्त वाटतो. त्यापेक्षा ‘कायमचा’ बरा. ‘स्थायी’सुद्धा चालेल.

प्रतिसाद

कायमचा, शाश्वत, स्थायी ही तिन्ही विशेषणं ‘किती दिवस टिकेल’ एवढंच सांगतात. हा शब्द २०००च्या सुमारास ब्लॉगांमध्ये रुळला, तेव्हा अडचण तीच होती. नवी नोंद आली की जुनी मुखपृष्ठावरून खाली सरकत नाहीशी व्हायची, म्हणून प्रत्येक नोंदीला स्वतःचा न हलणारा पत्ता दिला गेला. नोंद मात्र एकाच जागी होती. तुमच्यापुढचा प्रश्न ‘यांतला कुठला’ असा आहे आणि त्याचं उत्तर या तिन्ही विशेषणांत नाही.

मला वाटतं, मराठीत आधीच वेगळे असलेले तीन शब्द इथे फार उपयोगी पडतील. दुवा म्हणजे साखळीतली कडी. तो सांधतो, निखळतो. त्याचं काम जोडण्याचं. पत्ता जागा सांगतो, आणि बिऱ्हाड हललं की बदलतो. खूण मात्र वस्तूची स्वतःची असते, वस्तू कुठेही नेली तरी तीच राहते. वेबवरचा यूआरएल ही तिन्ही ओझी एकटाच वाहतो, म्हणून आपला गोंधळ होतो.

आता मास्टोडॉन पाहा. तो ज्या अ‍ॅक्टिव्हिटीपबवर चालतो, सर्व्हरांनी एकमेकांशी कसं बोलायचं हे ठरवणाऱ्या त्या प्रमाणकाला डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१८मध्ये शिफारस म्हणून मान्यता दिली. त्यात प्रत्येक पोस्टला एक आयडी असतो आणि तो आयडी म्हणजे लिहिणाऱ्याच्या सर्व्हरवरचा एक वेबपत्ताच असतो. इथे खूण आणि पत्ता एकच झाले. बाकीचे सर्व्हर त्या पोस्टची प्रत ठेवतात आणि आपापल्या वहीत तिला आपापला क्रमांक देतात. तुमच्या ब्राउझरच्या पत्तापट्टीत शेवटी दिसणारा लांबलचक आकडा हा तुमच्या सर्व्हरचा क्रमांक. दुसऱ्या सर्व्हरच्या दृष्टीने त्याला काहीच अर्थ नाही.

परवाचंच सांगतो. दोन वर्षांपूर्वी जपून ठेवलेली एक लिंक उघडली, तर सर्व्हरच सापडेना. मी पत्तापट्टीतून उचललेला तो पत्ता प्रतीचा होता, आणि प्रत ठेवणारा सर्व्हर दरम्यान बंद पडला होता. लिहिणाऱ्याची मूळ पोस्ट तिच्या जागी सुखरूप होती, पण तिथवर पोचायची वाट माझ्या हातात उरली नव्हती. तो सर्व्हर चालू असता तर खातं नसलेल्या वाचकालाही मूळ पानाकडे धाडलं असतं. म्हणून ‘कायमचा’ हा शब्द प्रतीच्या पत्त्याला लावणं मला वाचकाची फसवणूक वाटते.

माझी सूचना : लिहिणाऱ्याच्या सर्व्हरवरचा तो ‘मूळ दुवा’, आणि आपल्या सर्व्हरवरचा तो ‘इथला दुवा’. मास्टोडॉनच्या मेनूतून लिंक कॉपी केली की मूळ दुवाच मिळतो, त्यामुळे बटणावर ‘मूळ दुवा कॉपी करा’ हे खरंही आहे आणि सरळही.

विचारणा

‘मूळ’ पटलं. पण मूळ दुवा उघडला की मी परक्या सर्व्हरवर जाते, आणि तिथे माझं खातं नसल्याने उत्तर देता येत नाही. मग ‘इथला’ दुवाच सोयीचा ना?

प्रतिसाद

वाचायला आणि उत्तर द्यायला इथला, दुसऱ्याला द्यायला मूळ. मूळ दुवा आपल्या सर्व्हरच्या शोधपट्टीत टाका, पोस्ट इथे येते. त्या बटणाला ‘इथे उघडा’ पुरे.

अ‍ॅप पुढे इतर जाळ्यांशी जोडणार असाल, तर ‘मूळ’ हा शब्दही ताणला जाईल. ब्लूस्काय या समाजमाध्यमाच्या एटी प्रोटोकॉलमध्ये खात्याची खूण, म्हणजे डीआयडी, सर्व्हरपासून वेगळी असते. माणूस सर्व्हर बदलतो तेव्हा पोस्टी बरोबर नेऊ शकतो आणि डीआयडी तोच राहतो. नेहमीच्या लिंकेत मात्र डीआयडीऐवजी टोपणनाव असतं, आणि ते बदललं की ती लिंक लटकते. त्याच जागी डीआयडी घातला तर टिकते. नॉस्टरमध्ये तर पोस्टची खूण तिच्या मजकुरातूनच, वेळ आणि लेखकाची ओळख सांगणारी चावी जमेस धरून, गणिताने काढतात. एक अक्षर बदललं की खूण बदलते. ती कुणालाही पडताळता येते, पण पोस्ट कुठे आहे हे ती सांगत नाही. म्हणून तिथे खुणेबरोबर ‘अमुक रिलेवर (पोस्टी साठवणाऱ्या सर्व्हरवर) बघा’ अशी सूचना जोडावी लागते. या दोन जाळ्यांसाठी ‘खूण’ हा शब्द राखून ठेवा. मास्टोडॉनवर खाते हलवलं तर अनुयायी नव्या ठिकाणी येतात, पोस्टी मात्र जुन्याच सर्व्हरवर राहतात, त्यामुळे तिथे ‘मूळ’ खरंच मूळ जागेला बांधलेलं असतं.

‘शेअर’ सोडा. एक क्रिया पोस्ट आपल्या अनुयायांपुढे परत मांडण्याची, मास्टोडॉनवाले जिला बूस्ट म्हणतात, आणि दुसरी लिंक कुणाला पाठवण्याची. पहिलीला ‘पुढे मांडा’, दुसरीला ‘दुवा पाठवा’ करा. पुढे मांडण्याच्या क्रियेलाही आतून स्वतःचा वेगळा आयडी असतो, पण वाचकाला तो कधीच देऊ नका. दुवा नेहमी मूळ पोस्टचा.

प्रतिसाद

एक पुरवणी. ‘लिंक’चं अनेकवचन ‘लिंका’ सर्रास बोलतात, बटणावरही शोभेल. आणि ४०४च्या, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ सांगणाऱ्या, पानावर ‘तुटलेला दुवा’पेक्षा ‘निखळलेला दुवा’ लिहा. मराठीत कडी निखळते.

विचारणा

‘निखळलेला’ घेतलं. पोस्ट लेखकाने स्वतः काढून टाकली असेल, तर तिथे ‘ही पोस्ट लेखकाने काढली आहे’ असं वेगळं लिहिते, दोन्हींना एकच शब्द नको.