‘बुलिंग’ला मराठीत काय म्हणायचं?

पालक, कोथरूड: मुलीच्या शाळेतल्या पालकसभेसाठी मराठी पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलंय. ‘बुलिंग’साठी मी ‘दादागिरी’ लिहिलं. सातवीतली लेक म्हणाली, “आई, आमच्या वर्गात दादागिरी कुणीच करत नाही. फक्त एका मुलीला डब्याला कुणी शेजारी बसू देत नाही.” कोणता शब्द घेऊ?

शिक्षिका, सहकारनगर: ‘दादागिरी’त दांडगाई दिसते, अबोला दिसत नाही. ‘चिडवाचिडवी’ मात्र चुकूनही लिहू नका. मारामारी, ढकलाढकली, चिडवाचिडवी हे शब्द दोघांनी एकमेकांना केलेल्या गोष्टीचे आहेत. “मुलांची चिडवाचिडवी चालायचीच,” असं आपण म्हणतो, तेव्हा सोसणाऱ्या मुलालाही अर्धं दोषी ठरवून मोकळे होतो. माझ्याच तोंडी हे वाक्य वर्षानुवर्षं होतं, त्याचं आज वाईट वाटतं. डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञांनी बुलिंगच्या तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम त्रास देणं, पुन्हापुन्हा देणं आणि दोन्ही बाजूंचं बळ सारखं नसणं. तिसरी खूण ‘चिडवाचिडवी’त पुसली जाते.

वाचक, नारायण पेठ: ‘वाळीत टाकणं’ कसं वाटतं?

शिक्षिका, सहकारनगर: अर्थ जवळचा आहे, पण त्यामागे जातपंचायत उभी राहते. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला, तो त्याच प्रथेसाठी. ‘कट्टी’ही नको. कट्टी तोंडावर सांगून होते आणि तिला बट्टी असते. मुलं स्वतः ‘एकटं पाडतात’ म्हणतात, तेच घ्या. सगळ्या प्रकारांना मिळून ‘छळ’.

समुपदेशक, औंध: ‘भाव’ हा शब्दही पत्रकात हवा. मुलांना “कुणाबरोबर खेळायला आवडतं?” विचारलं तर एक नावं येतात, “वर्गात भाव कुणाला आहे?” विचारलं तर बऱ्याचदा दुसरीच. एकटं पाडणं चालतं ते दुसऱ्या यादीतल्यांच्या जोरावर. बाकीची मुलं वाईट नसतात. आपला भाव उतरेल, या धास्तीनं गप्प राहतात.

पालक, कोथरूड: मनापासून आभार. ‘दादागिरी’ काढली. आता सुरुवात अशी आहे: “तुमच्या मुलाला वर्गात कुणी एकटं पाडतंय का? तुमचं मूल कुणाला एकटं पाडतंय का?” दुसरा प्रश्न लेकीनं घालायला लावला.